डाग पाडण्याची परवानगी

दाखवे हे त्यांचं आडनाव नाही. पण निम्म्या गिऱ्हाइकांना ते आडनावच वाटतं, आणि हल्ली कुरिअरवालाही त्याच नावानं हाक मारतो. खरं आडनाव बँकेला, सासरच्या मंडळींना आणि शेजारी म्हणून मला ठाऊक आहे. या नावाचं त्यांना वाईट वाटत नाही. "आडनाव वडिलांनी दिलं, हे मी कमावलं," असं ते एकदा म्हणाले होते. दाखवे मुळात कमी बोलतात, म्हणून त्यांचं एखादं वाक्य लक्षात राहतं.

त्यांचं संगणक दुरुस्तीचं दुकान आमच्या इमारतीच्या जिन्याखाली आहे. जिथे छत तिरकं उतरत जातं तिथे त्यांचं टेबल, आणि जिथे बेताच्या उंचीच्या माणसाला उभं राहता येतं तिथे गिऱ्हाइकाची खुर्ची. स्वतः दाखवे दिवसभर मान वाकवून बसतात, त्यामुळे रस्त्यात भेटले तरी ते आपल्या बुटांकडे बघून बोलत आहेत असं वाटतं. प्रत्येक उंच गिऱ्हाइकाला ते सांगतात, "उठताना जरा जपून." गिऱ्हाईक "हो हो" म्हणत उठतं आणि डोकं आपटतं. मग दाखवे खालच्या खणातून मलम काढून देतात. मलमाची ट्यूब संपत आली की नवी आणून ठेवतात, पण टेबल सरकवत नाहीत. सरकवलं तर प्रकाश नीट पडत नाही.

तापणारे संगणक ही त्यांची खास शाखा. इथे थोडं समजावून सांगायला हवं. कूलर म्हटलं की लोकांना खोली गार करणारी, पाणी भरायची पेटी आठवते. संगणकाच्या पोटातला कूलर वेगळा. सगळी आकडेमोड करणारी चिप काम करताना तापते. तिच्या पाठीवर तांब्याचा एक गुळगुळीत तळ टेकवलेला असतो. उष्णता त्या तळातून वरच्या पातळ पत्र्यांत चढते आणि पंखा तिला उडवून लावतो. चिप आणि तांबं यांच्यात केसाहून बारीक फट राहते. ती बुजवायला काहीतरी लुकण लागतं. बहुतेक जण करडी पेस्ट लावतात. जिथे उष्णता फार, तिथे लिक्विड मेटल लावतात. हा पाऱ्यासारखा चमकणारा, थेंबाथेंबानं पळणारा धातू. पेस्टपेक्षा तो कितीतरी चांगलं काम करतो आणि हुशार मुलासारखा त्रासही देतो. सांडला तर शॉर्ट सर्किट. ॲल्युमिनियमला लागला तर ॲल्युमिनियमचा भुगा. तांब्याला लागला तर नुसता डाग, पण तो डाग जन्माचा. धातू तांब्याच्या अंगात मुरतो आणि वर करड्या रंगाची साय धरते. ती स्पिरिटनं जात नाही, नखानं खरवडली तरी जात नाही.

आता नावाची गोष्ट. दुरुस्ती झाली की झाकण लावण्याआधी दाखवे गिऱ्हाइकाला जवळ बोलावतात, कूलर उलटा करून धुतलेल्या फडक्यावर ठेवतात, दिव्याखाली धरतात आणि म्हणतात, "बघून घ्या." काय बघायचं ते गिऱ्हाइकाला कळत नाही. पण इतक्या अगत्यानं दाखवलेल्या वस्तूविषयी काहीतरी बोलायला हवं, म्हणून लोक नवं बाळ बघितल्यासारखं "छान आहे हो" म्हणतात. एका आजींनी पुढे वाकून, "जरा अशक्त वाटतो," असंही सांगितलं. दाखव्यांनी ते वहीत लिहून ठेवलं. वहीत ते सगळंच लिहितात: आधीचं तापमान, नंतरचं तापमान, खोलीचं तापमान आणि गिऱ्हाइकाचं म्हणणं.

ही सवय एका चुकीतून लागली. धंद्याच्या पहिल्या वर्षात त्यांनी दातांच्या एका डॉक्टरांच्या संगणकाला मोठ्या हौसेनं लिक्विड मेटल लावलं. कूलरचा तळ तांब्याचा आहे असं ते धरून चालले. तो ॲल्युमिनियमचा होता. पंधरवड्यानं उघडला तेव्हा तळ ओल्या खडूसारखा बोटांत मोडला. गुपचूप दुसरा कूलर बसवला असता तर कोणाला काही कळलं नसतं. त्यांनी तो भुगा कागदात बांधला आणि दवाखान्यात नेऊन डॉक्टरांपुढे उघडला. "हे माझ्या हातून झालं."

डॉक्टरांनी भुग्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "माझ्या हातूनही होतं कधी कधी. पण मी दाखवत नाही."

डॉक्टर अजून त्यांचं गिऱ्हाईक आहेत. दाखवे मात्र दाढ दुखली तर दुसरीकडे जातात.

असा हा माणूस. त्याला आयुष्यात एकच गोष्ट मनापासून हवी होती: पाणी खात्याच्या मान्यताप्राप्त दुरुस्तीकारांच्या यादीत आपलं नाव. ही यादी खात्याच्या दारातच काचेच्या फळ्यात लावलेली असते. काम तर ते खात्याचंच करत होते, अकरा वर्षं. पण यादीत नाव होतं त्यांच्या साडूंचं.

साडूंचं मुख्य रस्त्यावर शोरूम आहे. तिथल्या फरशीत तोंड दिसतं, आणि औषधाला म्हणून एक पेचकस सापडणार नाही. खात्याचे बिघडलेले संगणक शोरूमच्या पुढच्या दारानं आत येत, मागच्या दारानं आमच्या जिन्याखाली येत आणि बरे होऊन त्याच वाटेनं परत जात. शेवटच्या टप्प्यात साडू ते मऊ कापडानं पुसत आणि वर आपल्या दुकानाचा स्टिकर लावत. माणूस वाईट नव्हे. हसतमुख, देखणा, कोणाच्याही लग्नाला वेळेवर जाणारा. आपण संगणक दुरुस्त करतो अशी इतक्या वर्षांत त्याची स्वतःचीही खात्री पटली होती, एवढंच.

दाखवे वहिनींना हे खुपत असे. साडूंची बायको म्हणजे त्यांची सख्खी थोरली बहीण. "ताईच्या घरी कोणी पाहुणे आले की दाजींच्या हाताचं कौतुक," त्या म्हणत. "हात तुमचा आणि नाव दाजींचं. मी तिथे बसून हसायचं."

"हसू नकोस मग," दाखवे म्हणत.

"आणि काय करू? दाखवू?"

यंदा खात्यानं नियम बदलला. कोणीही अर्ज करावा, एक संगणक चाचणी म्हणून दुरुस्त करावा, तीन जणांची समिती तपासेल. दाखव्यांनी बावीस रकान्यांचा फॉर्म भरला आणि चाचणीसाठी त्यांच्या वाट्याला आला नकाशाबाईंचा संगणक.

नकाशाबाई म्हणजे खात्यात गावभरच्या नळांचे नकाशे सांभाळणाऱ्या बाई. कुठली झडप बंद केली तर कुठल्या गल्लीचं पाणी जाईल, हा हिशोब त्या या संगणकावर करतात. धडधाकट असताना त्याला चाळीस मिनिटं लागत. आता दीड तास लागत होता, कारण चिप सत्त्याण्णव अंशांवर पोचली की जिवाच्या भीतीनं आपणहून सावकाश चालायची. परिणाम असा की मागच्या महिन्यात 'पाणी बंद राहील' ही सूचना पाणी बंद होऊन परत आल्यावर निघाली.

दाखव्यांनी उघडून पाहिलं. बनवणाऱ्या कंपनीनंच आत लिक्विड मेटल लावलेलं होतं. ते पाच वर्षांत तांब्यात मुरून कोरडं पडलं होतं. तळावर करडा, चिपच्या आकाराचा चौकोनी डाग. त्यांनी सुटं होतं तेवढं पुसून काढलं, नवा थेंब घेऊन कापसाच्या काडीनं पातळ पसरला, तो सांडू नये म्हणून बाजूनं कड बांधली आणि बसवलं. चौऱ्याहत्तर अंश. मग डागाचा काही परिणाम होतो का म्हणून त्याच जातीचा एक कोरा कूलर कुठून तरी मिळवून तोही लावून पाहिला. त्र्याहत्तर. "एक अंश तर खिडकी उघडली तरी पडतो," त्यांनी वहीत लिहिलं आणि जुनाच कूलर परत बसवला. नकाशाबाईंनी एक दिवस काम करून बघितलं. हिशोब चाळीस मिनिटांत झाला आणि त्या वेळेवर घरी गेल्या. घरच्यांना वाटलं, बरं नाहीसं दिसतंय.

मग समिती. अध्यक्ष होते भांडार विभागाचे साहेब, भरघोस मिशांचे. दुसरे खात्यातले जुने कारकून, ज्यांना सगळे नियमावली म्हणत, कारण त्यांना ती पाठ होती. तिसऱ्या सदस्यांचं काम पहिल्या दोघांचं एकमत झालं की मान हलवण्याचं होतं, आणि ते काम ते चोख करत.

दाखव्यांनी संगणक नेला. चालू करून दाखवला, आकडे दाखवले. समितीनं आकड्यांवरून नजर फिरवली. नियमावलींनी पेनही उघडलं. आणि इथेच थांबायचं होतं. पण दाखव्यांनी संगणक बंद केला, पेचकस काढला, कूलर सोडवला, फडक्यावर उलटा ठेवला आणि टेबलावरच्या दिव्याखाली सरकवला.

"बघून घ्या."

तिघेही वाकले. खात्याच्या इतिहासात हा प्रकार पहिल्यांदाच होत होता.

"हा डाग कसला?" साहेबांनी विचारलं.

"लिक्विड मेटल तांब्यात मुरतं, त्याचा. आधीपासूनच आहे."

"म्हणजे खराब झालंय."

"नाही साहेब. एखादे आजोबा रोज भिंतीला डोकं टेकून बसतात, तिथे तेलकट डाग पडतो की नाही? त्यानं भिंत पडत नाही."

"पण भिंत रंगवतात," नियमावली म्हणाले.

"रंगवा. आजोबा परत तिथेच बसणार."

साहेबांना हे आवडलं नाही, कारण त्यांचे वडील बसत असत. "आकड्यांचं नंतर बघू," ते म्हणाले. "खात्याच्या वस्तूला डाग असून चालणार नाही. उद्या लेखी विचारलं तर मी काय सांगू?"

"एक अंश."

"काय एक अंश?"

"फरक. सगळा मिळून एक अंश."

नियमावलींनी इतिवृत्तात लिहिलं: 'सदर कूलरच्या तळावर डाग आढळून आला. तो पूर्णतः दूर करून यंत्र आठ दिवसांत पुन्हा सादर करावे.' तिसऱ्यांनी मान हलवली.

त्या संध्याकाळी दाखव्यांच्या घरी साडू आणि त्यांची बायको आले होते. मी पेपर परत द्यायला गेलो आणि अडकलो.

"अहो, दाखवलंतच कशाला?" वहिनी एकच प्रश्न चौथ्यांदा विचारत होत्या. "पेन उघडलं होतं ना त्यांनी? उघडलेलं पेन बंद करायला लावणारा माणूस मी पहिल्यांदा पाहतेय."

"काम दाखवायला नको?"

साडू समजुतीनं हसले. "अकरा वर्षं झाली मला. खात्यात एकदाही झाकण उघडलं नाही मी. आहे का एक तरी तक्रार?"

"तुम्हाला उघडता कुठे येतं, भाऊ?" दाखवे शांतपणे म्हणाले.

"तेच तर म्हणतोय. त्यामुळे मोह होत नाही." दाखव्यांनी घरी आणलेला कूलर साडूंनी हातात घेऊन नाकाजवळ नेला, जणू वासावरून काही कळेल. "घासून टाका. शोरूममध्ये ओरखडा पडला की आम्ही पॉलिश मारतो. नाहीतर तांब्याच्या रंगाचा स्प्रे येतो, एक हात द्या. आपला माणूस म्हणून सांगतोय."

"रंगातून उष्णता जाईल कशी?"

"ते तिचं ती बघेल."

"घासायचं म्हणजे तळाची पातळी जाते," दाखवे म्हणाले. "डाग वरवर नाही. खोल आहे. तो निघेपर्यंत घासलं तर कडा झिजतात, मध्यभाग वर राहतो. चिपवर नीट टेकणार नाही."

"टेकेल हो," वहिनी म्हणाल्या, आणि मग त्यांचा आवाज जरा उतरला. "फळ्यात एकदा तुमचं नाव लागलेलं बघू दे मला. मग आयुष्यभर दाखवत बसा."

दुसऱ्या दिवशी दाखव्यांनी भंगारातला तसाच डागाळलेला एक कूलर घेतला, काचेवर पॉलिश पेपर पसरला आणि दुपारभर घासला. निम्मा डाग गेला तोवर तळ सरळ होता. पूर्ण गेला तेव्हा पोलादी पट्टी टेकवली की दोन्ही बाजूंनी उजेड दिसू लागला. म्हणजे काय होणार हे त्यांना कळलं होतं. ते अडाणीपणानं चुकले असं कोणी म्हणू नये.

सातव्या दिवशी त्यांनी खात्याचा कूलर घासला.

डाग गेला. तळ आरशासारखा झाला. लिक्विड मेटल परत लावलं असतं तर चार दिवसांत नवा डाग पडला असता, म्हणून त्यांनी करडी पेस्ट लावली. पंच्याऐंशी अंश. त्यांनी वहीत आकडा लिहिला आणि त्यापुढे, ज्या जागी गिऱ्हाइकाचं म्हणणं लिहितात तिथे, काहीच लिहिलं नाही.

समितीपुढे साहेबांनी कूलर उचलून दिव्याखाली धरला. त्यात त्यांना स्वतःच्या मिशा दिसल्या. त्यांनी मान इकडे केली, तिकडे केली.

"आता कसं," ते म्हणाले.

फॉर्मचा चौदावा रकाना, 'कमाल तापमान', चाचणीनंतर भरायचा होता. दाखव्यांनी तिथे बारीक पण स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: 'दुरुस्तीनंतर ७४. समितीच्या आदेशानुसार डाग काढल्यानंतर ८५. वाढ ११.' त्याखाली तिघांनी सह्या केल्या. नियमावलींनी आकडा पाहिला आणि विचारलं, "वाढ म्हणजे सुधारणाच ना?" दाखवे तोंड उघडणार, तोच साहेबांनी त्यांचा हात हातात घेतला.

नाव लागलं. वहिनींनी फळ्याचा फोटो काढला आणि बहिणीला पाठवला. साडूंनी स्वतः येऊन अभिनंदन केलं, आणि ते मनापासून होतं. काम जिन्याखाली होतंय तोवर वरच्या नावाविषयी त्यांना फारशी असूया नव्हती. त्यांचं नाव यादीत होतंच, पहिलं.

तीन आठवड्यांनी उन्हाळा चढला, पंच्याऐंशीचे परत सत्त्याण्णव झाले, आणि एका दुपारी नकाशाबाई दुकानात आल्या. उंच बाई. तरी डोकं आपटलं नाही, कारण त्या कुठेही आधी चारी बाजू बघून घेतात, नकाशांच्या कामाची सवय.

"चाळीसची पंच्याहत्तर मिनिटं झालीत," त्या म्हणाल्या. "त्या एका दिवशी चाळीस झाली होती. मी लिहून ठेवलंय. तुम्ही नीट केला होतात ना?"

"केला होता."

"मग?"

"मग बिघडवला."

"कोणी?"

"मी. सांगून. चौदाव्या रकान्यात लिहिलंय."

नकाशाबाईंनी पर्समधून फॉर्मची प्रत काढली. त्यांनी ती वाचलेली होती. "हे वाचूनच आले. मला वाटलं लिहिण्यात चूक असेल. इतकं खरं कोणी लिहीत नाही."

"सह्या आहेत त्याखाली."

"सह्या माझ्या रजेच्या अर्जावरही असतात. त्यात मी चंद्रावर जाते असं लिहिलं तरी असतील." त्यांनी कपाळ पुसलं. "परवा खालच्या आळीत पाणी गेलं आणि माझी सूचना संध्याकाळी निघाली. एका बाईनं फोनवर विचारलं, तुम्ही भविष्य सांगता की इतिहास? काय उत्तर देऊ? तुम्ही हे पूर्वीसारखं करता की नाही, ते सांगा."

"तळ परत सरळ करावा लागेल. आणि लिक्विड मेटल."

"करा."

"डाग पडेल."

"पडू दे की."

"समिती आता दर तीन महिन्यांनी तळ उघडून बघणार. डाग दिसला की यंत्र नापास, आणि माझं नाव जाईल."

"मग परवानगी मागा," नकाशाबाई म्हणाल्या. "आमच्याकडे सगळ्याची मागतात."

अर्ज दाखव्यांनी स्वतः लिहिला आणि मला तपासायला दिला. विषय: 'पाणी खात्याच्या संगणकाच्या कूलरवर डाग पाडण्याची परवानगी मिळणेबाबत.' मी दोन वेलांट्या दुरुस्त केल्या. बाकी हात लावावा असं त्यात काही नव्हतं.

हा अर्ज खात्यात तीन टेबलांवर फिरला आणि प्रत्येक टेबलावर एकेकदा मोठ्यानं वाचला गेला. शेवटी समिती बसली. नकाशाबाई दोन्ही दिवसांच्या हिशोबांचे कागद घेऊन आल्या: एकावर चाळीस मिनिटं, एकावर पंच्याहत्तर. साहेबांनी दोन्ही कागद नीट पाहिले. माणूस मूर्ख नव्हता. पंच्याहत्तर म्हणजे चाळीसपेक्षा जास्त, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं.

"पण हे आधी का सांगितलं नाहीत?" त्यांनी दाखव्यांना विचारलं.

"चौदावा रकाना, साहेब."

साहेबांनी नियमावलींकडे पाहिलं. नियमावलींनी तिसऱ्यांकडे पाहिलं. तिसऱ्यांनी सवयीनं मान हलवली आणि मग लगेच थांबवली.

"अडचण अशी," नियमावली घसा साफ करून म्हणाले, "की डाग काढण्याची तरतूद आहे. पाडण्याची नाही. खात्याच्या मालमत्तेवर जाणूनबुजून डाग पाडणं हे नुकसान या सदरात येतं."

"मग त्याला डाग म्हणू नका," नकाशाबाई म्हणाल्या.

त्या हे वैतागून म्हणाल्या होत्या. पण नियमावलींचा चेहरा उजळला. त्यांनी पेन उघडलं, थोडा विचार केला आणि लिहिलं: 'कार्यजन्य छटा.' मग हा शब्द दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिला. साहेबांनाही तो पटला. कार्यजन्य छटेला परवानगी देण्यात कोणाची हरकत असणार? ठराव झाला. फक्त एक अट आली. असल्या गोष्टी चारचौघांत चर्चेचा विषय होऊ नयेत, म्हणून दुरुस्तीकारानं लेखी हमी द्यावी: 'यापुढे यंत्राचा अंतर्भाग उघडून कोणासही दाखवणार नाही.'

कागद दाखव्यांपुढे आला. खाली त्यांचं नाव टाइप केलेलं होतं. खरं आडनाव, अगदी बरोबर.

"करून टाका सही," साहेब प्रेमानं म्हणाले. "तुमचंच काम झालंय. पाडा काय पाडायचं ते."

दाखव्यांनी कागद दोनदा वाचला. "दाखवल्याशिवाय मला झाकण लावता येत नाही," ते म्हणाले.

"सवय आहे. सुटेल."

"सुटेलही. पण मग माझं काम तपासणार कोण?"

"आम्ही आहोत की."

पंखा फिरत होता. नकाशाबाई खिडकीबाहेर बघत होत्या आणि त्यांचे खांदे किंचित हलत होते. दाखव्यांनी सही केली नाही. त्याऐवजी पेन मागून घेऊन त्याच कागदाच्या मागे एक ओळ लिहिली: 'माझे नाव यादीतून कमी करावे ही विनंती.' खाली सही, तारीख, वेळ. खोलीचं तापमान लिहायचा मोह त्यांनी आवरला, असं मला त्यांनी नंतर सांगितलं.

नाव काढायला खात्याला साडेतीन तास लागले. लावायला अकरा वर्षं लागली होती.

वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला, तेव्हा मी जिन्यातच होतो. "नाही गं, काढलं नाही, यांनीच काढून घेतलं," त्या सांगत होत्या. "हो, वेडेच आहेत. तुझे शहाणे आहेत ना, मग या आठवड्यात ते पाणी खात्याचं दाजींनाच करायला सांग. काय? असं कसं, हात आहे ना त्यांना." फोन ठेवल्यावर त्यांनी नवऱ्याला चहा नेऊन दिला आणि म्हणाल्या, "गार व्हायच्या आत प्या. की मोजायचाय आधी?"

ठराव झालेलाच होता, आणि यादीत पहिलं नाव साडूंचं होतं. त्यामुळे कार्यजन्य छटा निर्माण करण्याची लेखी परवानगी साडूंना मिळाली. हमीवर त्यांनी न वाचता सही केली, आणि खरंच, ती पाळणं त्यांच्याइतकं सोपं कोणालाच नव्हतं. परवानगीचं पत्र त्यांनी चौकटीत बसवून शोरूममध्ये लावलंय. लोक त्याखाली उभं राहून मान डोलावतात. नकाशाबाईंचा संगणक पुढच्या दारानं आत आला, मागच्या दारानं जिन्याखाली आला. दाखव्यांनी दोन दुपारी खर्चून तळ काचेवर परत सरळ केला, पट्टी टेकवून उजेड बंद झाल्याची खात्री केली, आणि लिक्विड मेटल लावलं. चौऱ्याहत्तर.

झाकण लावायची वेळ आली तेव्हा त्यांनी हमीचा विचार केला असेल का, मला माहीत नाही. सही त्यांची नव्हती. पण दाखवायचं कोणाला, हा प्रश्न होता, कारण गिऱ्हाईक पार खात्यात बसलेलं. ते पेचकस हातात धरून तसेच बसून राहिले. एवढ्यात नकाशाबाई जिन्याखाली वाकून आत आल्या. सुट्टी टाकून आल्या होत्या. कारण लिहिलं होतं 'घरगुती'.

"लावलं नाहीत ना अजून झाकण?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग दाखवा."

दाखव्यांनी कूलर पुन्हा सोडवला, फडक्यावर उलटा ठेवला आणि दिवा जवळ ओढला. चकचकीत तळाच्या मधोमध धातूचा पातळ थर होता, आणि कडेनं पहिली करडी छटा धरू लागली होती. नकाशाबाईंनी चष्मा वर केला आणि डोळे अगदी जवळ नेले.

"हा वाढत जाणार?"

"वर्षभर वाढेल. मग तांब्याचं पोट भरतं. त्यानंतर लावलेला थर जास्त टिकतो."

"म्हणजे डाग जितका जुना तितकं बरं."

"आकडे तसं सांगतात."

त्यांनी आणखी थोडा वेळ पाहिलं. छान आहे वगैरे काही म्हणाल्या नाहीत. "ही डावी बाजू जरा पातळ लागलीय का?" त्यांनी विचारलं.

दाखवे पुढे वाकले. खरंच पातळ होती, कागदाच्या कडेएवढी. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकानं चूक दाखवण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी कापसाची काडी घेतली, थेंबाचा अंश उचलला, डाव्या बाजूला फिरवला आणि परत मोजायला बसले. नकाशाबाई खुर्चीवर वाट बघत बसल्या. वीस मिनिटांनी आकडा स्थिर झाला.

"त्र्याहत्तर," दाखवे म्हणाले, आणि वहीत गिऱ्हाइकाचं म्हणणं लिहायला घेतलं.